आकड्यांचे लिप्यंतर : संख्याशास्त्रीय आज्ञावल्या आणि भाषाभ्यासकाची सामग्री

भारतीय साहित्याच्या अभ्यासात आकड्यांचा प्रवेश आता नवा राहिलेला नाही. शब्दांच्या वारंवारतेची कोष्टके, वाचकांच्या पाहण्या, मातृभाषांची जनगणना, नियतकालिकांच्या सूची या सर्वांचा आधार आपण घेतो आणि त्यांवरून निष्कर्षही काढतो. मात्र या आधारसामग्रीच्या प्रवासाकडे आपल्या चर्चेत क्वचितच लक्ष जाते. बंगळूरच्या एखाद्या संशोधकाने एका आज्ञावलीत सिद्ध केलेली फाइल पुण्याचा अभ्यासक दुसऱ्या आज्ञावलीत उघडतो, तेव्हा त्याच्यासमोर जी येते ती तीच सामग्री असते काय? प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे. हा प्रश्न तंत्रज्ञाचा आहे असे समजून साहित्याभ्यासकाने तो बाजूला ठेवावा अशी प्रथा आहे. वस्तुतः तो पाठचिकित्सेचा प्रश्न आहे, आणि म्हणून आपलाच आहे.

मोडी कागद बाळबोधीत उतरविण्याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना याची कल्पना लवकर येईल. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सामान्यतः पाळला जात नाही आणि शब्दही सुटे लिहिलेले नसतात. बाळबोधीत उतरविणाऱ्याला दर ओळीला निर्णय करावा लागतो. हे निर्णय एकदा छापले गेले की ते निर्णय होते हेच वाचकाला दिसेनासे होते. आकड्यांच्या फाइलींतही हेच घडते. फाइलीत तीन गोष्टी असतात : आकडे, त्या आकड्यांची नावे, आणि जेथे आकडा मिळाला नाही तेथील मौन. एका आज्ञावलीतून दुसरीत जाताना आकडे बहुधा सुखरूप पोहोचतात. नावे गळतात आणि मौनाचा अर्थ बदलतो.

संख्याशास्त्र आणि पाठचिकित्सा यांचा संबंध मराठी वाचकाला अपरिचित वाटू नये. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी आहत नाण्यांच्या वजनांचा संख्याशास्त्रीय अभ्यास केला आणि १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही सिद्ध केली. नाणे हातोहात फिरताना झिजते आणि हस्तलिखित नकलेनकलेने बदलते. दोन्हींकडे पाहणारी दृष्टी त्यांच्या ठिकाणी एकच होती. संगणकीय फाइलही फिरते, आणि तिचीही झीज होते. ही झीज कोठे होते ते पाहण्याआधी या आज्ञावल्यांच्या जन्माकडे धावती नजर टाकणे आवश्यक आहे.

समाजशास्त्रांत सर्वाधिक रूढ झालेली एसपीएसएस ही आज्ञावली १९६८ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झाली. सॅसचा उगम नॉर्थ कॅरोलिनात शेतीविषयक सामग्रीच्या विश्लेषणासाठी झाला आणि १९७६ मध्ये तिची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. स्टाटा १९८५ ची. आर ही भाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० नंतरच्या दशकात घडविली. ती विनामूल्य आहे आणि तिची घडण सर्वांना पाहता येते. पहिल्या तिन्ही विक्रीच्या वस्तू. प्रत्येकीने स्वतःची फाइल स्वतःच्या रीतीने बांधली, आणि एकीची फाइल दुसरीत सहज उघडावी यात कोणत्याही विक्रेत्याचे हित नव्हते. ग्राहक एकदा आत आला की त्याची सामग्रीच त्याला धरून ठेवी.

ग्रंथालयशास्त्राने या बाबतीत अधिक शहाणपण दाखविले असे म्हणावे लागते. बंगळूरमध्ये १९६२ साली डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या पुढाकाराने भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. ग्रंथाचा वर्गांक हा त्याच्या अनुसूचीवाचून केवळ चिन्हांची रांग होय, हे रंगनाथनांच्या पद्धतीत गृहीतच आहे. ग्रंथसूचींच्या देवाणघेवाणीसाठी १९७३ मध्येच आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक २७०९ ठरले आणि पुढे युनेस्कोची सीडीएस-आयसिस ही आज्ञावली भारतीय ग्रंथालयांत पसरली तेव्हा त्याच मानकातून नोंदी इकडून तिकडे जाऊ शकल्या. ज्या संस्थेच्या नावातच संख्याशास्त्र आहे तिच्या बंगळूरच्या आवारात ग्रंथपालांना हा संकेत शिकविला जात असताना संख्याशास्त्रज्ञांच्या फाइलींना मात्र तसे सर्वमान्य रूप लाभले नव्हते, हा विरोधाभास मनोरंजक आहे.

आता मौनाकडे वळू. कारण सर्वांत मोठी हानी तेथे होते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. बंगळूरमधील १०० मराठीभाषकांना विचारले की वर्षभरात आपण किती मराठी पुस्तके वाचली. ९० जणांनी उत्तर दिले आणि त्यांची सरासरी २ आली. उरलेल्या १० जणांना आठवेना. पाहणीच्या प्रथेप्रमाणे ‘आठवत नाही’ यासाठी ९८ हा अंक लिहिला गेला, आणि एसपीएसएसमध्ये संशोधकाने नोंद केली की ९८ ही संख्या नसून निरुत्तर आहे. ही नोंद आकड्यात नसते. ती फाइलीच्या वेगळ्या भागात असते. आता तीच सामग्री स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराच्या रूपात पुण्याला पाठविली तर वेगळा भाग मागे राहतो आणि ९८ हा अंक ९८ पुस्तके होऊन पोहोचतो. सरासरी निघते ११.६. बंगळूरचे मराठी भाषक पुण्याच्या मानाने फार वाचतात असा एक सुखद निबंध यावर लिहिता येईल.

हा दोष ढोबळ असल्याने निदान दिसतो तरी. त्याच्या उलट दोष दिसत नाही. ‘आठवत नाही’, ‘सांगावयाचे नाही’ आणि ‘हा प्रश्न विचारलाच नाही’ ही तीन मौने समाजशास्त्रज्ञाला तीन वेगळी उत्तरे आहेत. एसपीएसएसमध्ये त्यांना तीन अंक देता येतात. सॅसमध्ये रिक्ततेची २८ चिन्हे आहेत, स्टाटामध्ये २००३ पासून २७. आरमध्ये मात्र सामान्यतः एकच. एसपीएसएसची फाइल आरमध्ये वाचणारी रूढ साधने वेगळी आज्ञा न दिल्यास तिन्ही मौने एकाच रिक्त चिन्हात गोळा करतात. कोणतीही चूक दाखविली जात नाही, सरासरीही बरोबर येते. फक्त ज्याने सांगण्यास नकार दिला तो आणि ज्याला विचारलेच नाही तो यांतील अंतर नाहीसे होते. मातृभाषेविषयीच्या प्रश्नात, विशेषतः सीमाभागात, हे अंतर किती बोलके असते हे येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

याहून सूक्ष्म भेद पुढे आहे. स्टाटा रिक्त मूल्याला प्रत्येक संख्येपेक्षा मोठे समजते. सॅस त्याला प्रत्येक संख्येपेक्षा लहान समजते. आर तुलना करण्यासच नकार देते आणि उत्तरही रिक्तच देते. म्हणून ‘पाचांहून अधिक पुस्तके वाचणारे वेगळे काढा’ ही एकच आज्ञा स्टाटात निरुत्तर माणसांना थोर वाचकांत बसविते, तर ‘पाचांहून कमी’ ही आज्ञा सॅसमध्ये त्यांना अल्पवाचकांत ढकलते. सामग्री एक, आज्ञा एक, निष्कर्ष वेगळे. पाठचिकित्सकाच्या भाषेत बोलावयाचे तर येथे पाठभेद लेखकाने केलेला नसून प्रत वाचणाऱ्याच्या सवयीतून जन्मलेला आहे.

तारखांची गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला जवळची वाटेल. शालिवाहन शक, फसली, सुहूर सन आणि राज्याभिषेक शक या चार गणनांत लिहिलेले कागद जंत्री हाताशी धरून वाचण्याची सवय मराठी संशोधनाला आहे. संगणकीय आज्ञावल्यांचेही असेच शक आहेत. सॅस आणि स्टाटा १ जानेवारी १९६० पासून दिवस मोजतात, आर १ जानेवारी १९७० पासून. एसपीएसएस तर १४ ऑक्टोबर १५८२ च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजते, म्हणजे ग्रेगरीच्या पंचांगाचा आरंभ धरून. १ नोव्हेंबर १९५६ हा राज्यपुनर्रचनेचा दिवस, ज्या दिवशी बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले, तो सॅसमध्ये उणे १,१५६ असा असतो, आरमध्ये उणे ४,८०९ आणि एसपीएसएसमध्ये ११,८०,३८,८१,६००. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा दिवस, १ मे १९६०, सॅसमध्ये अधिक १२१ होतो. म्हणजे सॅसच्या शून्याच्या एका बाजूला एक राज्य आणि दुसऱ्या बाजूला दुसरे, हा निव्वळ योगायोग. तारखेचे चिन्ह गळून केवळ संख्या पोहोचली, तर कोणता शक लावावयाचा हे पाठविणाऱ्याने कळविलेच पाहिजे. संख्या ते स्वतः सांगत नाही.

नावांच्या गळतीचा प्रश्न भारतीय भाषांच्या बाबतीत लिपीच्या प्रश्नाशी जोडलेला आहे, आणि येथे बंगळूर व पुणे या दोन शहरांचा संबंध प्रत्यक्षच येतो. १९९० च्या सुमारास आणि त्यापुढे मराठी मजकूर संगणकावर जुळविण्यासाठी ज्या आज्ञावल्या वापरात आल्या, त्यांपैकी श्री-लिपी पुण्याची, प्रगत संगणन विकास केंद्राची आयएसएम ही पुण्याची, आणि आकृती बंगळूरची. कन्नडसाठी नुडी आणि बरह यांची अशीच स्पर्धा होती. या टंकांत अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत, आणि कोणता तुकडा कोणत्या जागी हे प्रत्येकाने आपापले ठरविलेले. एका टंकातील मजकूर दुसऱ्यात उघडला की रोमन चिन्हांचा कचरा दिसे. वाचणाऱ्याला हा दोष लगेच कळतो. मोजणाऱ्या यंत्राला कळत नाही. त्या मजकुरावर वर्णांची वारंवारता काढली तर मोजले जातात ते काने, दांडे आणि अर्धे तुकडे. अशा गणनेला मराठीची वर्णगणना म्हणता येत नाही. ती फार तर त्या टंकाच्या खिळ्यांची मोजदाद होय.

भारतीय मानक संस्थेचा १९९१ चा इस्की संकेत याला उत्तर म्हणून आला. त्यात सर्व ब्राह्मीजन्य लिपींना एकच संकेतमाला होती. त्यामुळे तोच मजकूर देवनागरीतही दाखविता येई आणि कन्नड लिपीतही. कल्पना देखणी होती. परंतु मजकूर कोणत्या लिपीतला हे सांगणारे चिन्ह फाइलीतून हरवले की नाव मराठी की कन्नड हे त्या संकेतावरून सांगता येत नसे. युनिकोडने प्रत्येक लिपीला वेगळी जागा दिली. त्याच दशकात शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाच्या योजनेत मराठीचा शब्दसंग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि कन्नडचा म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेत, प्रत्येकी सुमारे ३० लाख शब्दांचा, तयार झाला.

युनिकोडने प्रश्न मिटला असे मानण्याचे कारण नाही. युनिकोडच्या रूढ साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. ‘मातृभाषा’ या शब्दात काने-मात्रांसह आठ चिन्हे आहेत, म्हणजे २४ बाइट. सॅसच्या जुन्या वाहतूक-रूपात चलाच्या नावाला ८ बाइट आणि त्याच्या वर्णनाला ४० बाइट एवढीच जागा आहे. वर्णन देवनागरीत लिहिले तर तेरा चिन्हांनंतर मजकूर तुटतो, तोही अक्षराच्या मधोमध. एसपीएसएसमध्ये नावाची मर्यादा ६४ बाइट, म्हणजे २१ देवनागरी चिन्हे. स्टाटाने युनिकोड स्वीकारला तो २०१५ मध्ये, चौदाव्या आवृत्तीत. रोमन लिपीला आठ अक्षरे जेमतेम पुरत. आपल्या लिपीला ती कधीच पुरली नसती. म्हणून आपल्याकडील बहुतेक पाहण्यांत चलांची नावे इंग्रजी संक्षेपात असतात आणि ज्या भाषेत प्रश्न विचारला गेला तिचा फाइलीत मागमूस राहत नाही.

एक खास मराठी उदाहरण येथे देण्यासारखे आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील ऱ्य संगणकात दोन प्रकारे साठविता येतो : नुक्ता असलेल्या ऱ या स्वतंत्र चिन्हाने, किंवा साध्या र नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण वारंवारतेच्या कोष्टकात दोन शब्द म्हणून मोजले जातात. एखाद्या आज्ञावलीने अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून गाळली, तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या साऱ्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ होतात. सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र व्हावा, आणि तो कोणाच्याही लक्षात येऊ नये!

व्यावसायिक अडसराविषयी थोडे सांगितले पाहिजे. सॅसने वाहतूक-रूपाची रचना जाहीर केली होती आणि अमेरिकेतील औषध प्रशासनाने १९९९ पासून ते रूप स्वीकारल्यामुळे औषधचाचण्यांची सामग्री आजही त्यातून जाते. सॅसच्या नित्याच्या फाइलीची रचना मात्र जाहीर झालेली नव्हती. स्वतंत्र संशोधकांनी ती फाइली उलगडून शोधून काढली. एसपीएसएसच्या फाइलीचे वर्णन पीएसपीपी या मुक्त आज्ञावलीच्या कर्त्यांनी असेच केले. असे उलगडणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न सॅस आणि वर्ल्ड प्रोग्रामिंग या इंग्रज कंपनीच्या वादात युरोपीय न्यायालयापुढे गेला. २ मे २०१२ च्या निर्णयात न्यायालयाने म्हटले की आज्ञावलीचे कार्य, तिची भाषा आणि तिच्या फाइलींचे रूप यांना आज्ञावलीची अभिव्यक्ती म्हणून स्वामित्वहक्काचे संरक्षण नाही. ती स्वतंत्र बौद्धिक निर्मिती ठरल्यास मात्र वेगळ्या नियमाखाली संरक्षण शक्य आहे. आशय आणि अभिव्यक्ती यांच्या भेदावर आयुष्य घालविणाऱ्या साहित्यमीमांसकांनी हा निर्णय मुळातून वाचण्यासारखा आहे. वृत्त कोणाच्या मालकीचे नसते, त्यात रचलेली कविता असते, असा काहीसा तो विचार आहे.

आपल्या देशात याहून जुना आणि साधा मार्ग होता. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेने १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीची घरोघरची सामग्री दीर्घकाळ साध्या मजकुराच्या फाइलींत दिली जात असे. कोणत्या स्तंभापासून कोणत्या स्तंभापर्यंत कोणते उत्तर, हे सांगणारा आराखडा वेगळा. तो आराखडा वाचून जो तो आपापल्या आज्ञावलीत सामग्री भरून घेई. हे काम कंटाळवाणे खरे, पण त्यात एक गुण होता : आराखड्यावाचून फाइल वाचताच येत नसल्यामुळे आराखडा वाचावाच लागे. प्रत्येक कुटुंबाच्या गुणकाचे शेवटचे दोन अंक दशांश समजावयाचे असतात आणि दशांशचिन्ह फाइलीत नसते. आराखडा न वाचणाऱ्याला भारताची लोकसंख्या शंभरपट मिळते, आणि तो निमूटपणे आराखड्याकडे परत येतो. पुढे नेसस्टार या नॉर्वेतील आज्ञावलीच्या रूपात ही सामग्री मिळू लागली. त्यात आकडे आणि नावे एकत्र होती आणि तेथून हव्या त्या रूपात ती काढता येई. कालांतराने त्या आज्ञावलीचा सांभाळच थांबला. साधा मजकूर अजून वाचता येतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने तिसरा मार्ग धरला. १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीचे कर्नाटकातील काम बंगळूरच्या सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्थेतील लोकसंख्या संशोधन केंद्राने मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेबरोबर केले. या पाहण्यांची सामग्री पुढे प्रकाशकाने स्वतःच एसपीएसएस, स्टाटा, सॅस आणि साधा मजकूर अशा चार रूपांत दिली. चारही प्रती एकाच आदर्श प्रतीवरून निघाल्या असल्याने त्यांत मेळ राहिला. अलीकडच्या पाहण्यांत मुलाखतीची भाषा आणि उत्तर देणाऱ्या स्त्रीची मातृभाषा यांनाही अंक आहेत, आणि भाषाभ्यासकांनी या अंकांकडे आजवर फारसे पाहिलेले नाही. पाहावे, पण अंकांची यादी त्याच पाहणीची असल्याची खात्री करून. मागील फेरीची यादी पुढील फेरीला लावणे म्हणजे एका पोथीची पुष्पिका दुसऱ्या पोथीला शिवणे होय.

यादीचेही काळाबरोबर बदलणे असते. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याचा अंक ५५५ आणि बंगळूरचा ५७२ होता. १ नोव्हेंबर २०१४ रोजी नावे बेळगावी आणि बेंगळूरु अशी झाली. अंक जुन्या फाइलीत तेच राहिले. नावावरून दोन कोष्टके जोडू पाहणाऱ्याचे हे दोन्ही जिल्हे गळतात, अंकावरून जोडणाऱ्याचे टिकतात. उलट काश्मीरमधील जिल्ह्यांचे ००१ सारखे अंक कोष्टक-आज्ञावलीतून जाताना आरंभीची शून्ये गमावतात आणि तेथे नावाचाच आधार उरतो. मातृभाषांचे तर याहून अवघड आहे. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेली मातृभाषांची मूळ नावे १९,५६९ होती. छाननीनंतर १,३६९ मातृभाषा उरल्या आणि त्यांचे १२१ भाषांत गट केले गेले. भोजपुरी हिंदीखाली गेली ती या शेवटच्या पायरीवर. केवळ १२१ ओळींचे कोष्टक हाती असलेल्याला भोजपुरी दिसतच नाही, मग आज्ञावली कोणतीही असो.

म्हणून बंगळूरहून पुण्याला सामग्री पाठविणाऱ्याने काय पाठवावे? प्रस्तुत लेखकाच्या मते तीन वस्तू. पहिली, आज्ञावलीची मूळ फाइल, जशी आहे तशी. दुसरी, तीच सामग्री युनिकोडमधील साध्या मजकुरात. तारखा वर्ष-महिना-दिवस अशा लिहिलेल्या, ओळखक्रमांक संख्या म्हणून न ठेवता अक्षरे म्हणून ठेवलेले. ही शेवटची सूचना क्षुल्लक वाटेल. पण स्टाटाच्या नेहमीच्या दशांश साठवणीत १,६७,७७,२१६ च्या पुढील पूर्णांक अचूक राहतीलच असे नाही, आणि नऊ अंकी क्रमांकाची दोन कुटुंबे तेथे एक होऊ शकतात. तिसरी वस्तू म्हणजे अंककोश : प्रत्येक चलाचा मूळ प्रश्न ज्या भाषेत विचारला त्या भाषेत आणि लिपीत, प्रत्येक अंकाचा अर्थ, आणि प्रत्येक मौनाचा स्वतंत्र अर्थ. या कोशाच्या शेवटी ओळींची एकूण संख्या आणि निदान चार-पाच चलांतील प्रत्येक अंक किती वेळा आला ते लिहावे, रिक्त नोंदीही धरून. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी ग्रंथसंख्या लिहीत ती याचसाठी. पुण्यात फाइल उघडणाऱ्याने विश्लेषणास हात घालण्यापूर्वी याच वारंवारता आपल्या आज्ञावलीत काढाव्यात आणि कोशातील आकड्यांशी ओळीने ताडून पाहाव्यात. एकही आकडा जुळला नाही तर मूळ फाइल ज्याच्याकडे आहे त्याला पत्र घालावे, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत कोष्टक छापावयास देऊ नये.